गाव हरवलेली बातमी

आमच्या शेजारच्या मावशी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या जुन्या घरात एकट्या राहतात. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या तरी त्यांची शिस्त सुटलेली नाही. विजेचे बिल, पाण्याचे बिल, संपत्ती कराची पावती, प्रत्येकाची वेगळी फाइल आणि फाइलवर लाल शाईने घातलेले वर्ष. अशा मावशी एका दुपारी घामाघूम होऊन रिक्षातून उतरल्या आणि घरात न जाता आमच्या पायरीवरच टेकल्या. निगमाच्या, म्हणजे इथल्या महानगरपालिकेच्या, झोन कार्यालयात जाऊन आल्या होत्या. फोनवर आलेला एक मराठी संदेश त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून नेला होता: स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळकत करात ४० टक्के सवलत, त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरणे आवश्यक, मुदतीत न भरल्यास सवलत रद्द. रांगेतून पुढे सरकत त्यांचा नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या बाबूने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि असा अर्ज इथे नसतो म्हणून सांगितले. मावशींनी पुन्हा विचारले, त्याने पुन्हा तेच उत्तर दिले. ‘‘अगं, सरळ टोलवलं त्यानं मला,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘एकटी म्हातारी बाई पाहिली ना. हातावर काही ठेवलं असतं, तर निघाला असता अर्ज बरोबर.’’

पाणी देऊन झाल्यावर मी त्यांची फाइल उघडली. ‘‘मावशी, तुम्ही मागच्या वर्षीचं बिल नीट पाहिलंत का?’’ असे म्हणत तो कागद त्यांच्यासमोर पसरला. संपत्ती कर, समेकित कर, शिक्षा उपकर, नगरीय विकास उपकर अशा ओळी एकाखाली एक होत्या, छपाई फिकट, आकडे बारीक. मध्य प्रदेशात स्वतःच्या वापरातल्या घराला संपत्ती करात ५० टक्के सूट आहे, आणि ती मावशींच्या बिलात लावलेली होती. म्हणजे जी ४० टक्के सवलत मिळवण्यासाठी त्या उन्हातान्हात गेल्या होत्या, तिच्याहून मोठी सूट त्यांना आधीपासून मिळत होती. मावशींनी चष्मा पुसून ती ओळ वाचली आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांच्या हेलपाट्याचे तितके वाईट वाटले नाही, जितके त्या बाबूचे वाटले. तो खरे बोलत होता. खरे बोलूनही एका सुशिक्षित, प्रामाणिक बाईच्या लेखी तो लाचखाऊ ठरला होता, आणि हे त्याला कधी कळणारही नव्हते.

संदेशातला एकही शब्द खोटा नव्हता.

तो संदेश पुण्याचा होता. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांना ४० टक्के सवलत देण्याची पद्धत १९७० पासूनची. मध्यंतरी ती थांबवली गेली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्या वेळी पीटी-३ अर्ज भरून घेण्यात आले. पुण्याच्या माणसाला हा संदेश उपयोगी होता. त्यात फक्त ‘महापालिका’ असे लिहिले होते, कारण लिहिणाऱ्याला आपले गाव सांगायची गरजच वाटली नाही. मग तो भाच्याकडून मामीकडे, मामीकडून भजनी मंडळात, तिथून इंदूरच्या रामबागेत आणि रामबागेतून लोकमान्य नगरात आला, आणि वाटेत कुठेतरी त्याचे गाव गळून पडले. मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाल्याची बातमीही अशीच २०२२ मध्ये आमच्याकडे येऊन पोहोचली होती आणि सुदामानगरातल्या कित्येक घरांत फुटपट्ट्या घेऊन खोल्या मोजल्या गेल्या होत्या. इंदूरच्या मराठी माणसाची ही अडचण मला फार आतली वाटते. आमचे नाटक सानंद या इथल्या मराठी संस्थेत पुण्यामुंबईहून येते, नातेवाईक तिकडे आहेत, टीव्हीवरच्या मराठी बातम्या तिकडच्या आहेत. भाषा आपली म्हटल्यावर तिच्यातून आलेली बातमीही आपलीच वाटते. पुण्यात पाणीकपात कधी आहे हे आम्हाला ठाऊक असते, आणि आपल्या वॉर्डाचा क्रमांक विचारला तर घरात एकमेकांकडे पाहिले जाते.

कारभाराचा सांगाडाही दोन्हीकडे वेगळा आहे, आणि पुष्कळ गैरसमज तिथूनच उगवतात. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकेत नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, त्याची मुदत अडीच वर्षांची, आणि तिजोरीच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. इंदूरमध्ये महापौराला आपण स्वतः मत देतो, एका वॉर्डातून एकच पार्षद, म्हणजे नगरसेवक, निवडतो, असे ८५ वॉर्ड आहेत, आणि महापौर निवडून आलेल्या पार्षदांतून मेयर-इन-काउंसिल नावाची जी समिती नेमतो, ती त्याच्याबरोबर कारभार पाहते. आयुक्त मात्र राज्य सरकार पाठवते. महापौराला तो पसंत असो वा नसो, त्याची बदली भोपाळहून होते. तेव्हा ‘महापौरांनी मनात आणले तर एका दिवसात होईल’ हे जितके चूक, तितकेच ‘महापौर म्हणजे नुसता फीत कापणारा’ हेही चूक. पहिले वाक्य पक्षाचे कार्यकर्ते बोलतात, दुसरे आम्ही पुण्याच्या अनुभवावरून बोलतो, आणि १९५६ चा निगम अधिनियम या दोघांच्याही बोलण्यात कधी येत नाही.

सगळ्यात जास्त अन्याय निगमावर होतो तो दारे चुकल्यामुळे. वीज गेली की शिवी निगमाला, पण वीज पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीची, आणि ती कंपनी राज्याची. इंदूर विकास प्राधिकरणाने आखलेल्या योजनांतले भूखंड अडकले की निगमाच्या नावाने बोटे मोडायची, पण प्राधिकरण ही वेगळी संस्था, तिचा अध्यक्ष राज्य सरकार नेमते. मे २०२५ मध्ये धावू लागलेली मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतल्या कंपनीची. पोलीस डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तांच्या हाताखाली, म्हणजे पुन्हा राज्याकडे. ‘आयुक्तांकडे तक्रार केली’ असे कोणी म्हणाले की आता कोणत्या, असे विचारावे लागते. जमिनीचे अभिलेख जिल्हाधिकाऱ्यांकडे. तक्रार चुकीच्या दाराशी गेली की ती पडून राहते, आणि पडून राहिली की आपण निष्कर्ष काढतो, इथे कोणी ऐकत नाही. हा निष्कर्ष मग घरातल्या मुलांपर्यंत जातो. अठरा वर्षांचा मुलगा मतदान करण्याआधीच ‘लोकल बॉडी म्हणजे वेळेचा अपव्यय’ असे बोलू लागतो, तेव्हा मला त्याच्या आईवडिलांच्या चुकलेल्या दारांची आठवण होते.

या अज्ञानाची किंमत किती मोठी असते, ते आपण २०२० ते २०२२ या काळात पाहिले आहे, किंवा खरे म्हणजे पाहिलेच नाही. मागच्या परिषदेची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. राज्यघटना सांगते की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. प्रत्यक्षात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर निवडणुकांना वाट मिळाली आणि इंदूरने ६ जुलै २०२२ ला मतदान केले. मधल्या सव्वादोन वर्षांहून अधिक काळात या शहरात एकही निवडलेला पार्षद नव्हता, महापौर नव्हता. कारभार प्रशासक पाहत होते. त्याच काळात करोनाची साथ येऊन गेली. आणि त्या काळातही आमच्या फोनवरच्या मराठी समूहावर ‘आपला पार्षद काय करतो आहे’ असे रागाचे संदेश नियमित येत असत. नसलेल्या माणसावर आपण सगळे चिडत होतो. जो असायला हवा होता तो का नाही, हा प्रश्न त्या रागात कुठेच नव्हता. भारताचा निवडणूक आयोग या निवडणुका घेत नाही, त्यासाठी राज्य निवडणूक आयोग ही स्वतंत्र यंत्रणा आहे, हे माहीत असलेली माणसे तर हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. ज्याला कुठे विचारायचे तेच ठाऊक नाही, तो विचारणार तरी काय?

काही समज थेट खिशाला कात्री लावतात. ‘कराची पावती माझ्या नावाची आहे, म्हणजे घर माझे आहे’ हा त्यांतला सगळ्यात जुना. वडील गेल्यावर मोठा भाऊ निगमात नामांतरण करून घेतो, पावती त्याच्या नावाने येऊ लागते, आणि धाकट्या बहिणींना सांगितले जाते की आता काही उरले नाही. कर कोणाकडून वसूल करायचा एवढेच नामांतरणातून ठरते. मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे की महसुली अभिलेखातल्या नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, ती नोंद कर आकारणीपुरती असते. पावती हरवली म्हणून घाबरलेल्या आणि पावती आहे म्हणून निश्चिंत असलेल्या, दोन्ही प्रकारच्या बायका मी पाहिल्या आहेत. दोघींनाही खरेदीखत आणि वारसाहक्क यांच्याबद्दल कोणी काही सांगितलेले नव्हते. दुसरा समज लोक अदालतीचा. नॅशनल लोक अदालत जवळ आली की ‘सगळा कर माफ’ असा संदेश फिरतो आणि काही जण त्या आशेवर वर्षभर कर भरत नाहीत. तिथे सूट मिळते ती अधिभारात, म्हणजे थकबाकीवर लागणाऱ्या जादा रकमेत. मूळ कर शेवटच्या रुपयापर्यंत भरावाच लागतो.

आणि कचऱ्याचा समज, जो मला सगळ्यांत जिवाला लागतो.

‘आपण ओला आणि सुका वेगळा करतो, पुढे जाऊन सगळे एकच करतात.’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, डॉक्टरांच्या दवाखान्यात ऐकले आहे, मुंजीच्या मांडवात ऐकले आहे. बोलणाऱ्याचा चेहरा शहाण्या माणसाचा असतो, आतली बातमी असल्यासारखा. म्हणून एकदा सकाळी पिवळी गाडी आली तेव्हा मी डबा रिकामा झाल्यावरही तिथेच उभी राहिले. ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, आणि बाजूला प्लास्टिक, बॅटऱ्या, सॅनिटरी पॅड अशांसाठी निरनिराळे भाग. गाडीबरोबरच्या ताईंनी माझ्या शेजाऱ्यांच्या ओल्या डब्यातून दुधाची पिशवी बोटांनी अलगद उचलली, झटकली आणि दुसऱ्या कप्प्यात टाकली. मागे वळून त्यांना काही बोलल्याही नाहीत. हातमोजा अंगठ्याजवळ फाटलेला होता. ज्या शहरात फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा बायो-सीएनजीचा कारखाना आहे, त्या शहरात सगळे एक करणे परवडणारेच नाही, कारण त्यात काच आणि प्लास्टिक गेले तर वायू तयार होण्याची प्रक्रियाच बिघडते. देवगुराडियाचा जो कचऱ्याचा डोंगर आम्ही लहानपणी पाहिला, ज्याचा धूर वारा फिरला की बायपासपर्यंत येत असे, तो उपसून तिथे झाडे लावली गेली. हे सगळे त्या ताईंसारख्यांच्या बोटांनी झाले आहे. आणि ‘सगळे एकच करतात’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून आपला डबा वेगळा करणे सोडतो, म्हणजे त्याची अफवा त्याच्यापुरती खरी होते.

अशा अफवांचा इंदूरमधला एक जुना प्रसंग मला नेहमी आठवतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला शहराची पाहणी करायला बोलावले होते. १९१८ मध्ये त्यांनी दरबाराला आपला अहवाल दिला. शहरात प्लेगचे भय होते. गेडीस गल्लीबोळांतून नकाशे घेऊन पायी हिंडत, आणि लोक त्यांच्याकडे बोट दाखवून घाबरून बाजूला होत. हा म्हातारा साहेबच प्लेग घेऊन येतो, अशी बोलवा होती. जिथे तो जातो तिथे माणसे मरतात, असे लोकांना दिसत होते. साथ जिथे आहे तिथेच तो जात होता, हे दिसत नव्हते. गेडीस यांनी यावर पत्रके काढली नाहीत की दवंडी पिटवली नाही. त्यांनी स्वतःच सांगितलेली हकीकत अशी, की त्यांनी दरबाराकडून एका दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीच्या मिरवणुकीचा ठरलेला मार्ग बदलला. जाहीर केले की ज्या रस्त्यावरची सर्वाधिक घरे साफसूफ आणि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. केर-कचरा वाहून नेण्याची सोय फुकट. सगळे शहर कामाला लागले. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि त्यांच्यामागून पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार आणि झाडूंना फुले बांधलेले सफाई कामगार चालत होते. तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी तो उंदीर जाळला.

मला यातली राक्षसांची गंमत जितकी आवडते त्याहून अधिक ते हार आवडतात. ज्यांच्या सावलीला लोक टाळत, त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मानाची जागा मिळाली होती, आणि लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. साहेब प्लेग आणतो हे बोलणे त्यानंतर कोणाच्या तोंडी टिकणार? शंभरएक वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, याच शहरात टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली. त्या दिवसांत फोनवरून खोट्या चित्रफिती फिरत होत्या आणि भीतीने माणसांचे भान सुटले होते. त्या पथकातल्या दोन महिला डॉक्टर लगोलग त्याच वस्तीत पुन्हा कामाला गेल्या. त्यांनी कोणाला काही पटवून सांगितले असेल-नसेल, पण दाराशी तीच माणसे पुन्हा उभी राहिलेली वस्तीने पाहिली. अफवेला दिलेले याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

तरीही मी मावशींना दोष देऊ शकत नाही. खिडकीतला माणूस काही लपवत असेल असे त्यांना उगाच वाटले नाही. आयुष्यात कधी ना कधी कुठल्या ना कुठल्या खिडकीवर त्यांनी ते अनुभवलेले आहे. संशय हा अनुभवातून आलेला असतो आणि म्हणूनच तो माहितीने लगेच जात नाही. शिवाय निगमाचे बिल असे छापलेले असते की जाणकारालाही त्यातली सूट शोधावी लागते. ‘आपण स्वतः राहता म्हणून आपल्याला इतकी सूट दिली आहे’ एवढे एक वाक्य ठळक अक्षरांत असते, तर मावशींना रिक्षा करावीच लागली नसती. जलकराच्या बिलावर असेही लिहिता येईल की हे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून उपसून, घाट चढवून तुमच्या नळापर्यंत आणावे लागते आणि त्या उपशाची वीज फार महाग पडते. त्या विजेसाठीच निगमाने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. नदीचे पाणी आहे तर पैसे कशाचे, असे विचारणारा माणूस हे वाचून निदान दुसरा, अधिक चांगला प्रश्न विचारेल. निगम हे सांगत नाही. निगम फलक लावते, त्यावर फोटो असतात आणि स्वच्छतेत आपण देशात पहिल्या क्रमांकावर असल्याची घोषणा असते. २०१७ पासून वर्षामागून वर्ष मिळालेल्या या क्रमांकाचा मला मनापासून अभिमान आहे, पण त्यातून एक नवा समज जन्माला आला आहे, की इथे आता काही बिघडूच शकत नाही आणि बिघडले म्हणणारा शहराचा वैरी आहे. नळाला गढूळ पाणी आले म्हणणाऱ्याला ‘तुम्हाला इंदूरचे चांगले पाहवत नाही’ असे उत्तर मिळते, तेव्हा ते उत्तरही मावशींच्या संदेशाइतकेच दिशाभूल करणारे असते.

आमच्या मराठी समूहावर आता एक रीत पाडायचा मी प्रयत्न करते आहे. कारभाराबद्दल काहीही पुढे पाठवायचे असेल तर त्यात शहराचे नाव, वर्ष आणि निर्णय कोणाचा, हे तीन शब्द आधी घालायचे. ते ठाऊक नसतील तर संदेश पाठवायचा नाही. सुरुवातीला राग आला काहींना, एका काकांनी समूहच सोडला. मावशी मात्र आता सगळ्यांत कडक झाल्या आहेत, मुख्याध्यापिकेच्या सुरात विचारतात, ‘‘गाव कोणतं?’’ गेल्या आठवड्यात कोणीतरी लिहिले की आमच्या कोपऱ्यावरचा दिवा बरेच दिवस बंद आहे, वीज कंपनीकडे जावे की पार्षदाकडे. तिघांनी उत्तर दिले आणि तिघांचेही एकच होते: घरातली वीज कंपनीची, पण रस्त्यावरचा दिवा निगमाचा, निगमाच्या ३११ या तक्रारींच्या ॲपवर खांबाचा क्रमांक घालून, फोटो जोडून तक्रार करा, आणि तक्रारीचा क्रमांक इथे टाका, म्हणजे पार्षदाला विचारताना आपल्या सगळ्यांच्या हातात तो असेल.